सामाईक प्रिंटर: कुठल्या गाळ्याची पानं किती?

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या तीन गाळ्यांत मिळून एकच लेझर प्रिंटर. हळदीचे सौदे उरकले की हिशेबाच्या पट्ट्यांचा मारा सुरू. टोनर संपला की तिन्हीकडून एकच वाक्य, "आमची कुठं एवढी पानं?" शेवटी प्रिंटर ज्या उबंटूच्या (लिनक्स) मशीनला जोडलाय, त्यालाच हिशेब ठेवायला लावला. युनिक्सच्या घराण्यात छपाईचं काम बहुतेक ठिकाणी कप्स नावाचा प्रोग्राम बघतो. मोजणीची सोय त्यातच आहे.

आधी छपाईच्या रांगा (प्रिंट क्यू) वेगळ्या करा. आमच्याकडं प्रत्येक गाळ्यात जो बसेल तो त्याच लॉगिननं काम करतो, त्यामुळं युजरच्या नावावर मोजण्यात अर्थ नाही. शिवाय ते नाव समोरचं मशीन सांगेल तेच नोंदलं जातं. म्हणून त्याच उबंटू मशीनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६३१ उघडा, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जा आणि तोच प्रिंटर तीन नावांनी जोडा, प्रत्येक गाळ्याची एक रांग. ड्रायव्हर तोच, शेअरची खूण चालू. ज्याच्या त्याच्या मशीनवर आपलीच रांग डीफॉल्ट ठेवा. प्रिंटरचं वायफाय मात्र बंद करा, नाहीतर मोबाइलवरून थेट गेलेली पानं वहीत येतच नाहीत.

आता खरी मेख. नव्या कप्समध्ये पानांची नोंद मुळात बंद असते. त्याच पानावर 'एडिट कॉन्फिगरेशन फाइल' आहे. तिथं पेजलॉगफॉरमॅट हा शब्द जोडून, रोमन लिपीत लिहा आणि पुढं काय काय नोंदायचं ते द्या. टक्क्याच्या चिन्हापुढं छोटा पी म्हणजे रांग, छोटा जे म्हणजे जॉब नंबर, मोठा टी म्हणजे तारीख-वेळ. पानांसाठी टक्का आणि महिरपी कंसात जॉब-इम्प्रेशन्स-कम्प्लिटेड, सगळं लहान इंग्रजी अक्षरांत. मध्ये स्वल्पविराम टाका, म्हणजे फाइल सरळ कॅल्कमध्ये (लिबरऑफिसची स्प्रेडशीट) उघडते. जॉब-नेमही घेता येतं, पण त्यात फाइलचं नाव दिसतं. तसं करणार असाल तर सगळ्यांना आधी सांगा. आमच्याकडं एकाची साखरपुड्याची पत्रिका अशीच उघडी पडली.

सेव्ह केलं की प्रत्येक रांगेतून ५ पानांची फाइल सोडा, मग तीच दोन्ही बाजूंनी आणि २ प्रतींत. 'व्ह्यू पेज लॉग'मध्ये आकडे जुळतात का बघा. इथं मोजले जातात ते छापलेले पृष्ठभाग. पाठपोट छापलं तर कागद निम्मे लागतात, टोनर तेवढाच. रांग 'रॉ' (ड्रायव्हरशिवाय जोडलेली) असेल तर आकड्यावर विसंबू नका.

महिनाअखेरीला कॅल्कमध्ये रांगेनुसार बेरीज मारा. मात्र १ तारखेला आणि अखेरीला प्रिंटरच्या स्वतःच्या मीटरचा आकडाही लिहून ठेवा. तो मेनूतल्या कॉन्फिगरेशन रिपोर्टवर छापून येतो. नेटवर्कचा प्रिंटर असेल तर एसएनएमपीनं (नेटवर्कवरच्या यंत्राला माहिती विचारायची पद्धत) १.३.६.१.२.१.४३.१०.२.१.४.१.१ हा क्रमांक विचारला तरी मिळतो (अंक इंग्रजी टाका).

आमचा मीटर दरवेळी पुढंच असायचा. पहिल्या महिन्यात परत भांडण. मग कळलं, काचेवर ठेवून काढलेल्या सातबारा आणि आधारच्या झेरॉक्स कप्सपर्यंत पोचतच नाहीत. आता तो फरक 'झेरॉक्स' म्हणून चौथ्या ओळीत लिहितो आणि तिघांत वाटतो.