जुनं पीएचपी ॲप लाराव्हेलवर नेताय? आधी डेटाबेस सरळ करा

बॅकअप, गिट, टेस्ट सर्व्हर एवढं तुमच्याकडे आहे असं धरतो. पीएचपी ५.६ चा सपोर्ट २०१८ संपताना थांबला, त्यामुळे लाराव्हेलवर, म्हणजे पीएचपीच्या तयार फ्रेमवर्कवर, हलवायचं की नाही हा प्रश्नच नाही. "सगळं नवीन लिहा आणि एका रात्रीत बदला" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, मोठ्या ॲपला ते झेपत नाही.

आता खरी अडचण. जुना कोड डेटाबेसशी लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरांची जुनी सांकेतिक पद्धत) मध्ये बोलतो, पण पाठवतो यूटीएफ-८ चे (सगळ्या लिपी चालणाऱ्या पद्धतीचे) बाईट. ते तसेच जातात, तसेच परत येतात, स्क्रीनवर मराठी नीट दिसतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. लाराव्हेल ५.४ पासून मुळातच यूटीएफ-८-एमबी-४ ने (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) जोडतं, मग डेटाबेस त्या बाईटना लॅटिन समजून रूपांतर करतो. एका पतसंस्थेच्या कामात निपाणी शाखेत सकाळी पासबुक छापायला घेतलं तर 'पाटील'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरं! मी घाबरून थेट 'कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट' ही टेबलची अक्षर-पद्धत बदलणारी कमांड चालवली आणि तो कचरा कायमचा पक्का केला. बॅकअप परत चढवला आणि सकाळच्या नोंदी शाखेतल्या लोकांना दुसऱ्यांदा टाकाव्या लागल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ही कमांड या डेटावर चालवूच नका. कॉलम आधी व्हार्बायनरी करा (टेक्स्ट असेल तर ब्लॉब; दोन्ही नुसते बाईट ठेवतात), मग तिथून यूटीएफ-८-एमबी-४. त्याआधी हेक्स (बाईटचे आकडे) काढून बघा, मराठी नाव 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' ने सुरू झालं तर ठीक, 'सी३ए०' दिसलं तर ती ओळ आधीच दोनदा बिघडलेली आहे, ती वेगळी काढा. आणखी एक, देवनागरी अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी ३ बाईट खातं, म्हणजे ५० च्या कॉलममध्ये १६ बसतात आणि सतरावं मधेच तुटतं, तिथे रूपांतर अडतं. लेंथ बरोबर ५० आलेल्या ओळींची यादी करून पूर्ण नावं शाखेतल्या कागदी फॉर्मवरून भरून घ्या, अंदाजाने नको, माणसाचं नाव आहे ते.

खानापूर शाखेतली नावं मराठीत, गोकाक शाखेतली कन्नडात असतात, तर कन्नड वाचणारा माणूस तपासायला बसवाच. आपल्याला कन्नड बोलता येतं म्हणून लिहिलेलं चुकलेलं कळेल असं नाही.

हे सगळं फ्रेमवर्क बदलायच्या आधी करायचं. जुन्या कोडचं कनेक्शनही त्याच रात्री यूटीएफ-८-एमबी-४ वर बदला आणि आठवडाभर जुनंच ॲप चालवून बघा.

मग पुढे एनजिनएक्स (मागण्या हव्या त्या ॲपकडे वळवणारा वेब सर्व्हर) लावून एकेक पान लाराव्हेलकडे वळवा, आधी नुसती बघायची रिपोर्टं, पैशाच्या नोंदी शेवटी. जुना कोड ३१ मार्चचं क्लोजिंग होईपर्यंत पुसू नका.