फॉर्म्युला वन अंदाज लीग: जुन्या विजेत्यांची यादी कशी तयार करावी

शनिवारी क्वालिफाइंगच्या, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुरुवात करणार हे ठरवणाऱ्या फेरीच्या, आधी ग्रुपवर अंदाज टाकायचे: पोल (सुरुवातीची पहिली जागा) कोणाची, पोडियमवर (पहिल्या तिघांत) कोण. रविवारी गुण मोजायचे आणि हंगाम संपला की विजेता जाहीर करायचा. मित्रांच्या अशा लीग मजेत चालतात, पण चार-पाच वर्षांनी ‘२०२१ला कोण जिंकलं होतं?’ असं कुणी विचारलं की दोन वेगळी नावं पुढे येतात. वर्षभर नेटाने अंदाज बांधून जिंकलेल्या माणसाचं नाव असं हरवू नये, म्हणून यादी करायची.

सुरुवात जुन्या चॅटपासून करा. २०१४ ते २०२५ या प्रत्येक हंगामाची शेवटची शर्यत अबू धाबीत झाली आहे. त्या त्या वर्षीची तारीख काढा आणि पुढच्या दोन-तीन दिवसांतले मेसेज वाचा. अंतिम गुणतक्ता किंवा निदान ‘अभिनंदन’ तरी तिथे सापडतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. जिथे काहीच सापडत नाही, तिथे ‘नोंद नाही’ असं लिहा. आठवणीवर मतदान घेऊन विजेता ठरवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. प्रत्येक नावापुढे त्या वर्षीचे नियम लिहा आणि जुने गुण नव्या नियमांनी पुन्हा मोजायचा मोह टाळा. १९८८चा हंगाम आठवा. सोळा शर्यतींत अ‍ॅलन प्रोस्टने एकूण १०५ गुण मिळवले, आयर्टन सेनाने ९४. पण तेव्हा प्रत्येकाचे सर्वोत्तम ११ निकालच धरले जायचे. त्या हिशेबाने सेना ९०, प्रोस्ट ८७, आणि विश्वविजेता सेना. आज बेरीज करून कुणी ते विजेतेपद प्रोस्टला देत नाही, कारण दोघंही तोच नियम ठाऊक असताना शर्यतीत उतरले होते. तुमच्या लीगमध्येही असंच असतं. सर्वात वेगवान लॅपचा (ट्रॅकच्या एका फेरीचा) जादा गुण फॉर्म्युला वनमध्ये २०१९ ते २०२४ होता, २०२५पासून गेला. तुमच्याकडे त्या अंदाजाला गुण असतील, तर कुणीतरी त्यावर डोकं लावूनच आघाडी घेतली असेल. ती मेहनत मागाहून पुसणं मला अन्यायाचं वाटतं.

मग निकाल कोणता धरायचा ते ठरवा. २०२४मध्ये बेल्जियममधल्या स्पाला जॉर्ज रसेल पहिला आला, पण गाडी किमान वजनापेक्षा दीड किलो हलकी भरली आणि विजय लुइस हॅमिल्टनकडे गेला. २०२५मध्ये लास वेगासला लँडो नॉरिस दुसरा आणि ऑस्कर पियास्त्री चौथा आला होता. गाड्यांखालच्या फळ्या मर्यादेपेक्षा जास्त झिजल्याचं तपासणीत दिसलं आणि काही तासांनी दोघंही बाद झाले. तोवर भारतात रविवारची दुपार झाली होती आणि अनेक ग्रुपवर गुण वाटूनही झाले असतील. माझं मत: स्टुअर्ड्सच्या (शर्यतीच्या पंचांच्या) निर्णयानंतरचा अधिकृत निकाल धरावा आणि गुण सोमवारी रात्री लावावेत. त्यानंतर बदल नाही. जुन्या वर्षी तुम्ही चेकर्ड फ्लॅगचाच (शर्यत संपतानाचाच) निकाल धरला असेल, तर तेही नियमांच्या रकान्यात लिहा.

बरोबरीसाठी खुद्द फॉर्म्युला वनची पद्धत चांगली आहे: ज्याचे विजय जास्त, तो पुढे. २०२१च्या शेवटच्या शर्यतीआधी मॅक्स व्हेर्स्टापन आणि हॅमिल्टन दोघांचेही ३६९.५ गुण होते. नऊ विरुद्ध आठ विजयांमुळे मॅक्स वर होता. तुम्ही विजयांच्या जागी अचूक ओळखलेले पोडियम मोजा. तरीही बरोबरी राहिली, तर दोन्ही नावं लिहा.

रकाने फार नकोत. वर्ष, विजेता, गुण, उपविजेता, दोघांतलं अंतर, खेळाडू किती, शर्यती किती, नियम. शर्यतींचा आकडा मात्र विसरू नका. २०२०मध्ये १७ शर्यती झाल्या, २०२४मध्ये २४, त्यामुळे नुसत्या गुणांवरून कोण भारी ते कळत नाही. मिळू शकणाऱ्या एकूण गुणांपैकी किती टक्के मिळाले, ते काढा. अंतराचा रकाना मला सर्वात आवडतो. १९८४ला निकी लाउडाने प्रोस्टला अवघ्या अर्ध्या गुणाने हरवलं होतं. तुमच्या यादीत असं एखादं वर्ष निघालं, तर उपविजेत्याचं नाव ठळक करा, त्याने ते कमावलेलं आहे.

ग्रुप सोडून गेलेल्यांची नावंही यादीत राहू द्या. टोपणनाव वापरायचं असेल तर त्यांना विचारून, आणि सगळ्या वर्षी एकच. यादी एकाने लिहावी, दुसऱ्याने स्क्रीनशॉटशी ताडून बघावी. मग ती सगळ्यांना उघडता येईल अशा शीटमध्ये ठेवा, पण बदल करायची परवानगी दोघांनाच द्या. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकतं. मार्चमध्ये नवा हंगाम सुरू होण्याआधी यादी ग्रुपवर पिन करा आणि तिच्याखालीच या वर्षीचे नियम टाका.