परदेशी कंपनीला सोयाबीन देताना: विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी काय मोजावं, काय लिहून घ्यावं

तेलबियांचा जागतिक व्यापार ज्या मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे, त्या एडीएम, बंगी, कारगिल आणि लुई ड्रेफस भारतातही आहेत. असा खरेदीदार तालुक्यात आला की वजन चोख होतं, पैसे थेट खात्यात येतात, प्रतवारीची शिस्त लागते. पण गावातला अडत्या आणि लहान तेलगिरणी एकदा बंद पडली की पुढच्या हंगामात भाव विचारायला दुसरं दार उरत नाही. म्हणून करार जरूर करा, पण आधी हिशेब मांडा.

पहिला हिशेब ओलाव्याचा. सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो. अनेक कारखान्यांची अट 10 टक्के ओलावा, 2 टक्के माती-कुटार आणि 2 टक्के डागी दाणा अशी असते. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा साधारणपणे 12 टक्के आहे. तुमचा माल 12 टक्क्यांचा आहे आणि तो तुम्ही 10 वर वाळवला, तर क्विंटलमागे 2.22 किलो वजन घटतं. कंपनी जादा टक्क्यामागे एक किलो कापत असेल तर कटती होते 2 किलो. म्हणजे वाळवण्यात काहीच सुटत नाही, मजुरी वरून जाते. कटती दुप्पट असेल तर मात्र 4 किलो जातात आणि वाळवल्याने 1.78 किलो वाचतात. भाव 4,500 रुपये धरला तर क्विंटलमागे 80 रुपये, 100 क्विंटलच्या ट्रकमागे 8,000. म्हणून "कटती एकपट की दुप्पट, आणि किती टक्क्यांवर गाडी परत" हे दोन आकडे करारात लिहून घेतल्याशिवाय ताडपत्री पसरू नका.

ओलावा मोजायला स्वतःचं मीटर हवंच. हंगाम सुरू होण्याआधी ते कारखान्याच्या मीटरशी एकाच नमुन्यावर ताडून बघा. अर्ध्या टक्क्याचा फरक निघाला तर तो दोघांनी लिहून ठेवावा. मळणीनंतर लगेच, उन्हात तापलेला दाणा मोजला तर आकडा चुकतो. सावलीत गार होऊ द्या. पोत्यात खुपसून दाणा काढायच्या नळीने दर दहाव्या पोत्यातून दाणा घ्या, सगळा एकत्र करून त्यातून एक-एक किलोचे दोन नमुने हवाबंद पिशवीत सील करा. एक गाडीसोबत, एक तुमच्याकडे, दोन्हींवर चालकाची सही. गाडी नाकारली की भांडण नमुन्यावरच होतं, आणि सील नसलेला नमुना कोणी मानत नाही. निघताना धर्मकाट्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीचं वजन करून पावती ठेवा.

आता पैशांचा दिवस. कंपनी बाजारभावावर 50 रुपये जास्त देते आणि पैसे 45 दिवसांनी देते, असं समजा. 100 क्विंटलचे साडेचार लाख रुपये सभासदांना तुम्ही कर्ज काढून दिले, व्याज 12 टक्के, तर 45 दिवसांचं व्याज साधारण 6,650 रुपये. म्हणजे क्विंटलमागे 66. पन्नास रुपयांच्या लोभात तुम्ही सोळा रुपये तोट्यात गेलात, वाहतूक अजून धरलेलीच नाही.

भाव कशाला बांधायचा? कंपनीच्या रोजच्या फोनला नको. कंपनीचं गणित अमेरिकेतल्या शिकागोच्या सोयाबीन बाजारावर आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर चालतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, मे 2025 मध्ये परत 10 वर आलं. 20 डिसेंबर 2021 ला सेबीने, म्हणजे वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, सोयाबीनचे वायदेही (पुढच्या महिन्यांचा भाव आज ठरवून होणारे सौदे) थांबवले, त्यामुळे जोखीम झाकायचा तो मार्गही गेला. करारात लिहा: वाशीम किंवा अकोला बाजार समितीचा मागच्या तीन दिवसांचा सर्वसाधारण दर, अधिक ठरलेली रक्कम. हमीभाव देण्याचं खासगी कंपनीवर बंधन नाही. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये होता, आणि सगळा माल आधीच बांधून ठेवला तर सरकारी खरेदी केंद्राला द्यायला काही उरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: एका खरेदीदाराला निम्म्याहून जास्त माल बांधू नये, आणि "फक्त आम्हालाच विकायचं" हे कलम कधीच मान्य करू नये. बीटी कपाशीच्या बियाण्यात असंच दुसरं दार बंद झालं. 2002 ला परवानगी मिळाली, काही वर्षांत दुसरं बियाणं दुकानातून दिसेनासं झालं. बियाण्याच्या पाकिटामागे मूळ तंत्रज्ञानाच्या कंपनीला जाणारं परवाना शुल्क 2016 मध्ये 163 वरून 49 रुपयांवर आलं ते सरकारी आदेशाने, शेतकऱ्याच्या घासाघिशीने नव्हे.

थांबण्याची ताकद हवी असेल तर सभासदांना बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत पाठवा. सोयाबीनवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याजाने, 180 दिवसांसाठी मिळतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करताना नुसता "व्यापार" लिहू नका, तसे उद्योग उशिरा पैसे मिळण्याच्या संरक्षणातून वगळले आहेत. सफाई, प्रतवारी किंवा डाळ-तेल काढणं प्रत्यक्षात करत असाल तर तेच काम नोंदवा. मग लेखी करारातही मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही; करार नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. 1 एप्रिल 2024 पासून लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर मोठी कंपनीही फोन उचलते. पैसे थकले तर लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. सोबत करार, बिलं, काट्याच्या पावत्या आणि माल पोचल्याची सही जोडा. पोचपावती नसेल तर तक्रार अडते, म्हणून ती गाडी रिकामी झाल्या दिवशीच घ्या.