खाली घेतलेली गाडी: उंची लावताना या चुका टाळा

गाडी खाली घ्यायला कॉइलओव्हर लावतात, म्हणजे शॉकअप आणि कमान (स्प्रिंग) यांचा असा संच, ज्याच्या आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट करकचून आवळलेले. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि घाईतला प्रत्येक नवखा ती करतो.

लोअर आर्मच्या सांध्यातल्या बुशमध्ये बाहेर एक नळी, आत एक नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तो रबराच्या पिळावर. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. पिळलेलं रबर गाडीला वर ढकलतं, टेप उंची जास्त दाखवतो, म्हणून मालक रिंग आणखी खाली घेतो. पुढे रबर फाटलं की गाडी अजून बसते, तीही एकाच बाजूला.

वर्ध्याकडची एक सेडान अशीच फिरत राहिली. ब्रेकरवरून उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘कट्’ असा आवाज. आधी लिंक रॉड बदलले, मग स्ट्रट माउंट, मग नवे शॉकअप. आवाज तसाच. आर्म उतरवला तेव्हा पुढच्या बुशचं रबर नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं निघालं. स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जात होता. तीन वेळचा खर्च झाला, चूक होती एक बोल्ट नको त्या वेळी आवळण्याची.

बोल्ट आधी हातानेच बसवा. चारही चाकं सारख्या जाडीच्या फळ्यांवर घ्या, गाडी दोनदा मागेपुढे ढकला, बोनेट आणि डिक्की दाबून सोडा. मगच खाली शिरून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. उंची पुन्हा बदलली तर हे बोल्ट ढिले करून पुन्हा आवळायचे. इथे शॉर्टकट नाही.

उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत. जमिनीपासून मोजलं की टायरची हवा हिशेबात घुसते. सारवलेल्या अंगणात हे काम करूच नका. सिमेंटची फरशी शोधा आणि गवंड्याच्या लेव्हल नळीने चारही चाकांची जागा तपासा.

दुसरं दुखणं आपल्या काळ्या मातीचं. पावसाळ्यात पांदणीतून गाडी गेली की चिखल कॉइलओव्हरच्या आट्यांत भरतो आणि वैशाखापर्यंत विटेसारखा घट्ट होतो. मग छिन्नी-हातोडा निघतो, रिंगच्या खाचा तुटतात, आटे जातात. आधी पाणी मारून माती भिजवा, नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करा, जॅक लावून कमानीवरचा भार काढा, मगच रिंगच्या खाचेत अडकणारा सी-पाना लावा. आट्यांना ग्रीस फासू नका. धूळ त्यालाच चिकटते. सुकं राहणारं वंगण चालतं.

बुडाचा ब्रॅकेट वेगळा फिरणारा कॉइलओव्हर असेल तर उंची ब्रॅकेटने लावा, कमानीच्या रिंगने नाही. रिंग फार खाली घेतली की चाक खड्ड्यात लोंबताच कमान बैठकीतून सुटते. मागे डबल विशबोन किंवा मल्टिलिंक (चाक अनेक दांड्यांवर धरणारं सस्पेन्शन) असेल तर रिंग १० मिमी हलवल्यावर चाकाशी फरक त्याहून जास्त पडतो, म्हणून थोडं हलवा आणि पुन्हा मोजा.

गॅस कटरने कमान कापणाऱ्याकडे गाडी नेऊच नका. उष्णतेने पोलादाचा कस जातो आणि कापलेलं टोक बैठकीत बसत नाही.

उंची बदलली की टो, म्हणजे चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो. अलाइनमेंट न करता फिरलात तर टायर आतून झिजतं. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणत नाही ना, बघा.

किती खाली घ्यायची? भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावातले ब्रेकर बरेचदा त्याहून अरुंद आणि उभे, त्यामुळे पोट आधी घासतं. चार माणसं बसवा, टाकी भरा आणि मगच बुडाखालची जागा मोजा. ५०० किमीनंतर हीच मापं पुन्हा घ्या, कारण नव्या कमानी थोड्या बसतात. त्याच वेळी लॉक रिंगाही आवळून घ्या.