फोन बोलायला लागला आणि स्क्रीनवर हिरवा चौकोन आला तर काय करायचं

अँड्रॉइडवर कधीकधी असं होतं की अचानक स्क्रीनवर हिरवी नाहीतर निळी चौकट दिसते, जिथे बोट लावाल तिथे ती सरकते, फोन प्रत्येक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतो आणि एका टॅपने काहीच उघडत नाही. व्हायरस नाहीये, फोन हॅक पण झालेला नाही. हे टॉकबॅक आहे, ज्यांना दिसत नाही त्यांना फोन वापरता यावा म्हणून अँड्रॉइडमध्येच दिलेली सोय. दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकदम दाबून धरली गेली की चालू होऊ शकतं, खिशात किंवा लहान मुलाच्या हातात असताना सहज होतं.

सगळ्यात आधी हेच उलट करून बघा, व्हॉल्यूम अप आणि डाउन दोन्ही एकत्र साधारण ३ सेकंद दाबून धरा, बऱ्याच फोनवर एवढ्यानेच बंद होतं. काही विचारणारा बॉक्स आला तर त्यावर नुसतं टॅप करून चालणार नाही. इथेच सगळे अडकतात. टॉकबॅक चालू असताना पहिल्या टॅपला चौकट फक्त त्या बटणावर येते, मग पटकन दोनदा टॅप केलं की ते बटण दाबलं जातं. स्क्रोल करायला दोन बोटं लागतात, एका बोटाने पान हलतच नाही, आणि मग लोकांना वाटतं फोन हँग झाला आणि रीस्टार्ट करत बसतात. रीस्टार्टने जात नाही हे, परत तसंच येतं.

लॉक असेल तर फिंगरप्रिंट नेहमीसारखं चालतं. पिन असेल तर एकेक आकड्यावर आधी टॅप, मग डबल टॅप, असं सावकाश करा, घाईत चुकीचा पिन बऱ्याच वेळा गेला तर फोन थोडा वेळ थांबायला लावतो.

उघडलं की सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक, आणि ते ऑफ. जुन्या सॅमसंगवर त्याचंच नाव व्हॉइस असिस्टंट असायचं. गूगल असिस्टंट चालू असेल तर "टर्न ऑफ टॉकबॅक" बोलून पण बघा. आयफोनवर हाच प्रकार व्हॉइसओव्हर नावाने असतो, तिथे चौकट काळी असते आणि स्क्रोलला तीन बोटं लागतात, सिरीला "टर्न ऑफ व्हॉइसओव्हर" सांगणं सगळ्यात सोपं.

आवाज कमी केलेला असेल तर फोन बोलताना ऐकू येत नाही, नुसती चौकट दिसते आणि लोक डिस्प्ले खराब झाला म्हणून दुकानात जातात. कृपया त्यासाठी फॅक्टरी रीसेट करू नका आणि कोणाला करू पण देऊ नका, बॅकअप नसेल तर सगळे फोटो जातील आणि गरज तर काहीच नव्हती.

गावी आईबाबांच्या फोनवर झालं असेल तर कॉलवर "सेटिंगमध्ये जा" सांगून उपयोग नाही, त्यांना आधी "एकदा टॅप, मग पटकन दोनदा" एवढंच करायला लावा, ते जमलं की पुढचं सगळं जमतं.

बंद झालं की टॉकबॅकच्याच पानावर शॉर्टकट असतो तोही ऑफ करा, म्हणजे बटणं चुकून दाबली गेली तरी परत चालू होणार नाही. घरात कोणाला नजरेचा त्रास असेल आणि ते वापरत असतील तर मात्र शॉर्टकट तसाच राहू द्या.