अर्ज कोणाकडे करावा? केंद्र, राज्य आणि पंचायत यांच्यातील कामांची वाटणी

पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा (ठेंगणा पूल) वाहून गेला की आपल्याकडे पहिला अर्ज सरपंचांना जातो, दुसरा आमदारांना आणि तिसरा खासदारांना; पण तो रस्ता ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, तिथे पुष्कळदा एकही अर्ज पोचलेला नसतो. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी शोधाव्यात: काम कोणाच्या ताब्यातले आहे, त्याचा निधी कोठून येतो आणि त्यावर आदेश काढण्याचा अधिकार कोणाला आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी आहे. रेल्वे, टपाल आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे, शेती, जमीन, पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य राज्याकडे, तर शिक्षण, वने आणि वीज समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडे आहेत. पंचायतींसाठी चौथी सूची नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून त्यांना घटनात्मक दर्जा मिळाला आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, तरी त्यांतील कोणते अधिकार प्रत्यक्ष सोपवायचे हे राज्याचा कायदाच ठरवतो. ग्रामपंचायतीला बोल लावण्याआधी तो अधिकार तिला मिळाला आहे का, हे पाहणे न्यायाचे ठरते.

रस्त्याचा मालक ओळखणे सर्वांत सोपे आहे. फलकावर किंवा दगडावर ‘ग्रामा’ किंवा ‘इजिमा’ लिहिले असेल, तर तो ग्रामीण किंवा इतर जिल्हा मार्ग असून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज द्यावा. ‘प्रजिमा’ (प्रमुख जिल्हा मार्ग) किंवा ‘रामा’ (राज्य मार्ग) असेल, तर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. हिंगणघाट, पांढरकवडा या भागातून जाणारा महामार्ग ४४ केंद्राचा आहे. गावठाणातील गल्ल्या आणि सांडपाण्याच्या नाल्या मात्र ग्रामपंचायतीच्याच.

खरा गोंधळ पांदण रस्त्याचा, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेचा होतो. शेजाऱ्याने पांदण नांगरून आपल्या धुऱ्यात (बांधात) घेतली, तर लोक ग्रामसेवकाकडे जातात. परंतु ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी असून त्याच्यावर गटविकास अधिकाऱ्याची देखरेख असते, आणि तलाठी हा राज्याच्या महसूल विभागाचा असून तहसीलदाराच्या हाताखाली काम करतो. दोघे एकाच गावात बसत असले तरी एकाचे काम दुसऱ्याला करता येत नाही. अडवलेली वहिवाट मोकळी करून घेण्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागावी. त्यासाठी वाट अडवल्यापासून सहा महिन्यांची मुदत असल्याने गावातल्या बैठकांत वेळ घालवू नये. अर्जासोबत सात-बारा आणि गाव नकाशाची प्रत जोडावी. रस्ता मोकळा झाल्यावर मातीकाम आणि खडीकरणाची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने पुढे न्यावी.

कापसाच्या बाबतीत केंद्र आणि राज्य दोन्ही एकाच गाडीभोवती उभे असतात. हमीभाव केंद्र जाहीर करते आणि त्या भावाने खरेदी करणारी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) केंद्राची आहे; बाजार समिती राज्याच्या कायद्याने चालते; सात-बारावरील पीक पेऱ्याची नोंद राज्याच्या महसूल यंत्रणेत होते. खरेदी केंद्रावर पेऱ्याची नोंद नाही म्हणून माल परत पाठवला, तर भावाविषयी खासदारांना निवेदन देऊन उपयोग नाही; आधी तलाठ्याकडे नोंद तपासावी. मापात किंवा कपातीत तक्रार असेल, तर ती बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी द्यावी.

प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असते, ग्रामीण रुग्णालय राज्याचे. गडचिरोली आणि मेळघाटातील अनुसूचित क्षेत्रांत आदिवासी भागांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला अधिक अधिकार आहेत. तिथे तेंदूपत्ता, मोहफुले अशा गौण वनोपजाच्या प्रश्नाची सुरुवात ग्रामसभेपासूनच करावी.

इतके करूनही काम कोणाकडे आहे हे उमगत नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून रस्त्याचा क्रमांक, त्याची देखभाल करणारे कार्यालय आणि मागील खर्चाची माहिती मागावी. २००५ च्या या कायद्याच्या कलम ६(३) नुसार चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज त्या कार्यालयाने पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवून अर्जदाराला तसे कळवणे बंधनकारक आहे. साध्या अर्जाला हे संरक्षण नाही, म्हणून साधा अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी.