खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांचा अभ्यास करायचाय? आधी नकाशा उघडा

संरक्षणशास्त्रात एम.ए. करताना लघुप्रबंधासाठी मी हा विषय घेतला आणि पहिले तीन महिने नुसते तक्ते भरले. कोणत्या सैन्याकडे काय आहे, वजन किती, पल्ला किती. सरांनी ते चाळले आणि एवढंच विचारलं, "डागणारा उभा कुठे होता?" मला सांगता आलं नाही. तुम्ही हा प्रश्न पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

कारगिलचंच घ्या. २७ मे १९९९ रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ अशाच खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, दुसऱ्या दिवशी तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर. त्यातले चौघेही गेले. स्टिंगर हे या प्रकारातलं अमेरिकी क्षेपणास्त्र साधारण साडेतीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतं, असं सगळीकडे छापलेलं असतं. पण ही उंची डागणाऱ्याच्या पायापासून मोजायची. तो पाच हजार मीटरच्या कड्यावर बसला असेल, तर ढोबळमानाने २८ हजार फुटांपर्यंतचं आकाश त्याच्या टप्प्यात येतं. एमआय-१७ सहा हजार मीटरच्या फारसं वर जाऊच शकत नाही. समोच्च रेषांच्या नकाशावर पेन्सिलीने हा हिशेब मांडला, त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर ही हेलिकॉप्टरं हल्ल्याच्या कामातून का काढली आणि जूनमध्ये मिराज-२००० एवढ्या उंचावरून बॉम्ब का टाकत होती, हे त्या कागदावरच दिसत होतं.

तेव्हापासून मी किती विमानं पडली यापेक्षा उरलेली किती वर गेली, हे आधी पाहते. अफगाणिस्तानात सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांनी स्टिंगर पहिल्यांदा चालवलं. किती विमानं पाडली, यावर आजही वाद आहेत. सोव्हिएत वैमानिक त्यानंतर जास्त उंचीवरून उडू लागले, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

भौतिकशास्त्राला घाबरू नका, बारावीचं पुरतं. स्ट्रेला-२ या जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राच्या शोधकाला, म्हणजे टोकातल्या उष्णता टिपणाऱ्या भागाला, इंजिनाचं तापलेलं तोंड दिसावं लागे, म्हणून विमानाच्या मागूनच डागावं लागायचं. पुढे शोधक थंड ठेवण्याची सोय आली आणि समोरून येणारं विमानही टिपता येऊ लागलं. उष्णतेचा माग काढणारी ही क्षेपणास्त्रं स्वतः रडारच्या लहरी सोडत नाहीत, त्यामुळे वैमानिकाचा रडार-इशारा गप्प राहतो. फ्लेअर्सचं, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवायला विमानातून सोडलेल्या जळत्या गोळ्यांचं, महत्त्व इथे कळतं.

नावांचा घोळ आधीच निस्तरा. स्ट्रेला-२ आणि एसए-७ एकच, इग्ला आणि एसए-१८ एकच; पहिलं नाव रशियन, दुसरं पाश्चात्त्यांनी दिलेलं. माझ्या तक्त्यात ही दोन-दोनदा मोजली गेली होती.

आणि माणसांना भेटा. आपल्या सैन्यात हे शस्त्र आर्मी एअर डिफेन्सचे जवान चालवतात. १९९४ पासून ही स्वतंत्र कोअर आहे, प्रशिक्षण ओडिशातल्या गोपाळपूरला होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदार काकांकडे मी गेले, तेव्हा तैनाती आणि गोपनीय गोष्टी विचारायच्या नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. त्यांना सर्वांत कठीण काय वाटायचं, एवढंच विचारलं. अठरा किलोंचं ओझं, थंडी असं काही ते म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "विमान आपलं की त्यांचं, हे ओळखणं, पोरी." मग माझी वही घेतली आणि विमानांच्या काळ्या आकृत्या एकेक करून काढत बसले.